जांभळ्याचं पिवळं

वऱ्हाडात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारतात, तुरीवर औषध मारतात, आणि मारता मारता एखादा गडी गरगरून धुऱ्यावर बसला, तर त्याला 'औषध लागलं' म्हणतात. ऊन लागावं, तसं. दोन शब्दांत निदानही होतं आणि तक्रारही मिटते. संध्याकाळी डोकं धरतं, उलटी होते, डोळ्यांपुढं अंधारी येते. सकाळी पुन्हा पंप पाठीवर. किती लागलं, उतरलं की आतच राहिलं, हे मोजायला गावात काही नसतं, आणि मोजावं असं कुणाला वाटतही नाही.

मोजमाप चालू असतं ते दुसरीकडं. अमरावती-अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयांत डोकावलं, की एखाद्या टेबलावर पाल्याच्या अर्काच्या बाटल्या बहुधा दिसतातच. कधी मेळघाटातला आवळा नाहीतर बेहडा, कधी अंजनगाव सुर्जीच्या मळ्यातली पानपिंपरी, कधी अंबाडीची लाल बोंडं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तर नागार्जुनाच्या नावानं अख्खं वनौषधी उद्यान आहे, तेव्हा पाल्याला तोटा नाही. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, मेथनॉलमध्ये उतरवायचा आणि डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात टाकून अर्धा तास अंधारात ठेवायचा. जांभळ्याचं पिवळं झालं की वनस्पती अँटिऑक्सिडंट ठरली. ५१७ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं, आलेख काढायचा, प्रबंध बाइंडिंगला टाकायचा.

यात खोटं काही नाही. चाचणी सोपी आहे, स्वस्त आहे, सत्राच्या आत उरकते. आणि ज्या महाविद्यालयात चांगलं यंत्र एकच आणि रांगेत विद्यार्थी तीस, तिथं दुसरं करणार काय? अडचण एवढीच, की डीपीपीएच हा रेणू माणसाच्या अंगात कुठंही नसतो. त्या अर्ध्या तासात पाल्यानं एक रंग घालवला, कुणाला वाचवलं नाही.

मार्सडेन ब्लॉइस यांनी ही चाचणी 'नेचर'मध्ये मांडली ती १९५८ साली. गंमत अशी, की त्याच वर्षी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात एमिल पालेचेक नावाच्या एका तरुण संशोधकानं पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनए तपासून पाहिला आणि तो विजेला प्रतिसाद देतो, हे दाखवलं. देश यारोस्लाव्ह हेरॉव्हस्कींचा. पाऱ्याच्या थेंबावर रसायनं ओळखायची पोलॅरोग्राफी त्यांनी १९२२ साली शोधून काढली होती आणि तिच्यासाठी १९५९ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा निघाल्या. एकीवर रंगाला विचारायचं, दुसरीवर थेट डीएनएलाच. आपल्याकडं पहिली मळली. दुसरीवर अजून गवत आहे.

ही दुसरी वाट अवघड आहे असं वाटतं, पण तिचं सख्खं भावंड आपल्या घराघरांत आहे. रक्तातली साखर मोजायचं ते हातातलं यंत्र. त्याच्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर लावलेलं असतं. ते साखरेवर काम करतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत येतात. जितकी साखर, तितका विजेचा प्रवाह. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली ही कल्पना मांडली. आज तालुक्याच्या बाजारातला औषधवालाही ती पट्टी सुटी विकतो आणि आमची म्हातारी मंडळी सकाळच्या चहाआधी बोटाला टोचून घेतात. त्यांना कुणी विद्युत-रसायनशास्त्र शिकवलेलं नाही. शिकवायची गरजही पडली नाही.

तशीच कार्बनची छापील पट्टी घ्यायची आणि तिच्यावर विकराऐवजी डीएनएचा थेंब सुकवायचा. मग व्होल्टता हळूहळू चढवत न्यायची. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानीन हे सगळ्यांत हळवं. ते सगळ्यांत आधी इलेक्ट्रॉन सोडतं, आणि आलेखावर ठरावीक जागी एक टेकडी उठते. तिची उंची नोंदवून ठेवायची. आता पट्टी लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात बुडवायची. हेन्री फेंटननं १८९४ साली वर्णन केलेली ही जोडी. तिच्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मूलक निघतो, आणि तो जन्मल्या जागेवरच, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी, समोर येईल त्याचा लचका तोडतो. पट्टी धुऊन पुन्हा वाचली की टेकडी खचलेली दिसते. हेच सगळं पुन्हा करायचं, या वेळी द्रावणात पाल्याचा अर्क घालून. टेकडी कमी खचली तर पाल्यानं काहीतरी राखलं म्हणायचं. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाचे यान लाबुडा आणि त्यांचे सहकारी या शतकाच्या सुरुवातीलाच छापील पट्ट्यांवर वनस्पतींचे अर्क असे तपासत होते.

आणि इथं काही नामवंतांचं पितळ उघडं पडतं. क जीवनसत्त्वाचंच घ्या. जवळपास सुटं लोह किंवा तांबं असलं, की क जीवनसत्त्व त्या वापरून झालेल्या धातूला पुन्हा कामाला जुंपतं, मूलकांची भट्टी विझायच्या ऐवजी पेटती राहते आणि डीएनएला मार बसतो. हळदीतल्या कर्क्युमिनचंही तांब्याच्या संगतीत असंच वागणं नोंदलं गेलेलं आहे. जांभळ्या बाटलीत मात्र हे दोघंही पहिल्या वर्गात पास होतात. (वरूड-मोर्शीच्या संत्र्यावर यानं काही डाग येत नाही. संत्रं पोटात जातं, परीक्षानळीत नाही, आणि अंगातलं लोह शरीर बहुतेक बांधून ठेवतं, मोकाट सोडत नाही.) सांगायचं ते इतकंच, की 'अँटिऑक्सिडंट' हा पदार्थाचा कायमचा गुण नसतो, कुणाच्या शेजारी बसला आहे त्यावर तो ठरतो.

बाजाराला हे सोयीचं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट 'ताकदीची' एक लांबलचक यादी ठेवली होती. ती आकडेवारी जाहिरातदार वाटेल तशी वापरू लागले आणि त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येईना, म्हणून २०१२ साली खात्यानं यादीच काढून टाकली. त्याआधी फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. आमच्याकडं अजून डब्यांवर, काढ्यांवर, ज्यूसच्या बाटल्यांवर तोच शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि खाली कुठल्यातरी जांभळ्या बाटलीचा आधार असतो.

तर पाल्याची परीक्षा सुधारावी, ती डीएनएच्या पट्टीवर घ्यावी. पण तेवढ्यानं माझं समाधान होणार नाही. पट्टीवरचा तो डीएनए विकतचा असतो, बहुधा वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला. वासराला कुणी पऱ्हाटीत औषध मारायला पाठवत नाही.

२०१७ चा खरीप आठवा. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, गुलाबी बोंडअळी बीटी वाणालाही दाद देत नव्हती, आणि जास्त दाबाचे नवे पॉवर पंप गावोगाव आले होते. फवारा पिकावर कमी, वाऱ्यानं तोंडावर जास्त. त्यात एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधं कालवायची सवय. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आठशेच्या वर दवाखान्यांत भरती झाले. अकोला-अमरावतीतही बाधित सापडले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, न्यायालयात याचिका गेल्या, पांढरे सुरक्षा-पोशाख वाटले गेले. (सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, पाठीवर पंधरा-वीस लिटरची टाकी घेऊन तो पोशाख एक तास घालून दाखवावा, असं ते पोशाख वाटणाऱ्यांना माझं खुलं निमंत्रण आहे.)

त्या वेळी एक साधी गोष्ट उघडी पडली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला जखडून टाकतात. मज्जातंतूंचा निरोप थांबतच नाही, म्हणून लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत पाणी. रक्तातलं कोलिनेस्टरेज किती उरलं हे कळलं, की विषबाधा याच गटाची आहे का आणि किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नव्हती. डॉक्टर लक्षणं पाहून, रिकाम्या बाटल्यांची लेबलं वाचून उपचार करत होते. मिश्रणातल्या काही औषधांना तर उतारा म्हणून काही नव्हतंच, आणि त्यांची कोलिनेस्टरेजच्या चाचणीत नोंदही होत नाही. हेही इथंच सांगितलेलं बरं, नाहीतर एका पट्टीनं सगळं आटोपेल असा समज व्हायचा.

पण तपासणी न होणं ही काही नवीन उणीव नव्हती. कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत. त्यातला नियम ३७ काढून वाचा. फवारणीच्या कामावरच्या माणसाची कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हावी, पुढं ठरावीक काळानं होत राहावी, तिची नोंदवहीत नोंद व्हावी. आणि औषध ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावं. दर महिन्याला! नियमाला पन्नास वर्षं उलटून गेली. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठल्याही गावच्या पारावर बसून विचारा, की तुमचं कोलिनेस्टरेज शेवटचं कधी मोजलं होतं.

नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कारखान्याचं फाटक होतं, हे उघड आहे. फाटकाला मालक असतो, हजेरीपट असतो. वावराच्या धुऱ्याला काय असतं? मजूर आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. आणि निम्म्या ठिकाणी फवारणारा स्वतःच मालक, तीन एकरांचा. त्यानं स्वतःला कामावर घेण्याआधी स्वतःची तपासणी करून स्वतःच्याच नोंदवहीत लिहायची, असा त्या नियमाचा वऱ्हाडी अर्थ होतो.

कॅलिफोर्नियानं १९७४ पासून हे जमवून आणलं आहे. पद्धत साधी. हंगाम सुरू होण्याआधी मजुराचं कोलिनेस्टरेज मोजायचं; तो त्याचा स्वतःचा मूळ आकडा, कारण या विकराचं प्रमाण माणसामाणसांत फार वेगळं असतं आणि सरासरीशी तुलना करून काही हाती लागत नाही. मग हंगामात ठरावीक दिवसांनी पुन्हा. मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर मालकानं कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतलं ७० किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर उतरलं, तर मजुराला फवारणीवरून बाजूला काढायचं आणि आकडा वर आल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

हे मोजायला विजेची पट्टी चालते. पट्टीवर असिटिलथायोकोलीन ठेवायचं, रक्तातलं विकर ते तोडतं, त्यातून थायोकोलीन सुटतं, आणि थायोकोलीन इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतं. विकर जिवंत असेल तर प्रवाह चांगला. जखडलेलं असेल तर मंद. साखरेच्या पट्टीहून गुंतागुंत फार नाही. वाचणारं यंत्र महाग, ही सबबही जुनी झाली: सांता बार्बराच्या संशोधकांनी २०११ साली ऐंशी डॉलरच्या आत हातानं जोडता येईल असं यंत्र, 'चीपस्टॅट', बनवलं आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला.

कोलिनेस्टरेज आजचं सांगतं. पण 'औषध लागलं' म्हणून दोन दिवसांत उठून कामाला लागलेल्या माणसाचं पंधराव्या हंगामात काय झालेलं असतं? तिथं डीएनएचं प्रकरण पुन्हा येतं. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतल्या परमजित ग्रोव्हर आणि सहकाऱ्यांनी कीटकनाशकं बनवणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशी 'कॉमेट' चाचणीनं तपासल्या. विजेच्या क्षेत्रात पेशी ठेवली की तुटका डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा मागं लांबतो, म्हणून हे नाव. आज सगळीकडं वापरात असलेली तिची अल्कधर्मी पद्धत नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली बसवली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की या कामगारांच्या शेपट्या इतरांपेक्षा लांब होत्या. ही कारखान्यातली माणसं, फाटकाच्या आतली. हजेरीपट असल्यामुळं सापडली.

कॉमेटला सूक्ष्मदर्शक, थंड साखळी आणि सराईत हात लागतात. मूत्रातून मात्र सोपी खूण मिळते. ग्वानीन गंजलं की त्याचं ऑक्सोग्वानीन होतं. जपानच्या हिरोशी कासाई आणि सुसुमु निशिमुरा यांनी १९८४ साली ते ओळखलं. शरीर ही गंजलेली अक्षरं छाटून, दुरुस्त करून बाहेर टाकत असतं. एका पेशीत दिवसाला असे हजारो घाव होतात आणि बहुतेक सगळे भरून निघतात. डीएनएच्या दुरुस्तीचं कोडं सोडवणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉडरिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विजेच्या पट्टीचा फायदा असा, की ऑक्सोग्वानीन साध्या ग्वानीनपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टला इलेक्ट्रॉन सोडतं. आलेखावर त्याची टेकडी वेगळ्या जागी उठते, म्हणून दोघांची गल्लत होत नाही.

गल्लत होते ती कारणांची. हा आकडा विडीनं वाढतो, वयानं वाढतो, आजारपणानं वाढतो. आणि आमच्याकडं खर्रा आहे. पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना, टाकीत औषध ढवळलेल्याच हातानं तोंडात. सुपारी-तंबाखूचा घाव कुठला आणि पंपाचा कुठला, हे एका तपासणीत कुणीच सांगू शकणार नाही. म्हणूनच पुन्हा तीच कॅलिफोर्नियाची युक्ती: माणूस तोच, खर्रा तोच, वय तेच, हंगामाआधी एकदा आणि हंगामानंतर एकदा. फरक पडला तर तो मधल्या चार महिन्यांचा.

हे करायला कुणी परकं यायला नको. अमरावतीच्या शिवाजी सायन्स कॉलेजात वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर काम झालेलं आहे. संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय यांनी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करवून घेतले आणि त्या कामाची दखल बाहेरच्या जगानं घेतली. इलेक्ट्रोडचा संकेत ठसठशीत करायला असेच कण वापरतात. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, त्याची कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रसायन जाणणारे, संवेदक बनवणारे, रक्त घेणारे आणि फवारणारे, सगळे शंभर किलोमीटरच्या आत राहतात. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, कारण पाल्यावर शोधनिबंध सहा महिन्यांत छापून येतो आणि मजुराच्या मूत्रावर काम करायला नीती समितीची परवानगी, दोन हंगाम आणि गावकऱ्यांचा विश्वास लागतो. विद्यापीठाच्या गुणांकनात विश्वासाला रकाना नाही.

म्हणून मागणी मोठी करत नाही. पाल्याचे प्रबंध चालू राहू द्या. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक गाव अमरावतीचं आणि एक अकोल्याचं निवडावं, तीस-तीस फवारणारे घ्यावेत, कोलिनेस्टरेजची पट्टी आणि ऑक्सोग्वानीनची पट्टी. शेजारी प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणीही ठेवावी, म्हणजे पट्टी खरं बोलते की नाही ते कळेल. निकाल आधी त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावा, मग परिषदेत. ज्याचा आकडा घसरला त्याची त्या आठवड्याची मजुरी कोण देणार, हे आधी ठरवावं. ते ठरलं नाही तर दुसऱ्या वेळी कुणी बोट पुढं करणार नाही, आणि करूही नये.

वेळ मात्र पाळावी लागेल. रक्त घ्यायला पोळ्याचा दिवस सोयीचा आहे. सगळे गावात असतात, मोकळे असतात, हाक मारली की येतात. पण पोळ्यापर्यंत पऱ्हाटीला दोन-तीन औषधं मारून झालेली असतात आणि त्या दिवशी घेतलेल्या थेंबाला मूळ आकडा म्हणता येत नाही. तो थेंब डवरणीच्या दिवसांत घ्यावा लागतो, पंप अजून गोठ्यात टांगलेला असतो तेव्हा.